अर्थ मोजायचे कसे?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेही मराठी माध्यमातल्या मुलांना. त्यामुळे विषयासाठी मला फार लांब जावं लागलं नाही. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'सेट' एवढंच म्हणालो. पलीकडे जरा शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, "नेट-सेटमधला सेट का?" तो नव्हे. प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या मुलांची झोप उडवणारा तो सेट म्हणजे तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची मोळी आहे. मी म्हणतो तो सेट त्याच्यापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याने ज्यांची झोप उडवली ती माणसं वेगळी होती.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली. तिच्यातली सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तिचा मजकूर सुमारे 60 हजार शब्दांचा आहे. एवढ्या शब्दांत एक मध्यम आकाराची कादंबरी होते. नुसत्या क्रियापदाचे अर्थ 430, आणि सेट अप, सेट ऑफ, सेट आउट असे जोडप्रयोग धरले तर आकडा 580 च्या आसपास जातो. हे ऐकलं की आपल्या तोंडून "बापरे" निघतं. मला आज त्या "बापरे"बद्दलच बोलायचं आहे. हे 430 अर्थ नेमके कुठे असतात? शब्दाच्या पोटात, बोलणाऱ्याच्या डोक्यात, की कोशकाराच्या टेबलावर?

तेव्हा आधी त्या टेबलापाशी जाऊ.

इंग्रजीचा नवा, इतिहासाच्या अंगाने जाणारा कोश हवा, ही मागणी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 साली पुढे आली. त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. म्हणजे मराठीकडे सुमारे 60 हजार शब्दांचा उत्तम कोश तयार होता तेव्हा इंग्रज आपल्या भाषेच्या कोशासाठी सभा भरवत होते. यात फुशारकी मारण्यासारखं आपलं फारसं काही नाही, कारण मोल्सवर्थही इंग्रजच. पण तारीख लक्षात ठेवावी अशी आहे.

लंडनमधलं काम वीस-बावीस वर्षं रखडलं. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज तिशीतच, 1861 साली वारला. 1879 मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्याने जेम्स मरी नावाच्या एका स्कॉटिश शाळामास्तराशी करार केला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस पुढे स्वतःच शिकत, भाषा गोळा करत गेला होता. करार होता दहा वर्षांत चार खंडांचा. मरीने शाळेच्या आवारात पत्र्याची एक शेड उभारली, भिंतींना कप्पे केले, तिला 'स्क्रिप्टोरियम' असं भारदस्त नाव दिलं आणि लोकांना जाहीर आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द कुठे कसा वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, तारीख आणि पान लिहा, पाठवून द्या. चिठ्ठ्या आल्या. शेवटी त्यांचा आकडा 50 लाखांच्या घरात गेला. मरीची अकरा मुलं. कळत्या वयाची झाली की खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या लावायच्या कामाला जुंपली जायची. पुढे तो ऑक्सफर्डला राहायला गेला तेव्हा टपाल एवढं वाढलं होतं की पोस्टाने त्याच्या घरासमोर स्वतंत्र पेटी उभी केली. पहिला भाग 1884 मध्ये निघाला. पाच वर्षांत काम 'ए'पासून 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत पोचलं होतं. वेगही मुंगीचाच.

चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत एक जण आपल्या ओळखीचा निघावा असा आहे. फिट्झएडवर्ड हॉल हा अमेरिकन गृहस्थ 1846 मध्ये भारतात आला आणि बनारसच्या सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवू लागला. त्याने संस्कृत ग्रंथ संपादित केले. पुढे इंग्लंडात गेला, तिथल्या विद्वानांशी त्याचं बिनसलं आणि तो सफकमधल्या एका खेड्यात जाऊन राहिला. तिथून जवळजवळ वीस वर्षं तो रोज कित्येक तास मरीच्या कोशाची मुद्रितं तपासत होता, आणि हे दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. बनारसच्या पंडितांमध्ये वावरलेला माणूस इंग्रजी शब्दांच्या अर्थच्छटा शोधत बसला, याचं मला नवल वाटत नाही. शब्दाला अनेक अर्थ असतात ही बातमी त्याला तरी नवी नव्हती. त्याविषयी पुढे येतोच.

'सेट'ची नोंद मात्र मरीची नाही. ती हेन्री ब्रॅडलीची. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या एका पेढीत वीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस. कोशाच्या पहिल्या भागावर त्याने एक परीक्षण लिहिलं. ते वाचून मरीने ओळखलं की या टीकाकाराला बाहेर ठेवणं परवडणार नाही. 'एस' अक्षराचा मोठा भाग ब्रॅडलीच्या वाट्याला आला आणि त्याबरोबर 'सेट'ही. पहिल्या आवृत्तीत ही नोंद 18 पानांहून अधिक आहे. तिचे मुख्य विभाग 154. शेवटचा विभाग 'सेट अप'चा, आणि त्याचे पोटविभाग इतके, की ए ते झेड अक्षरं संपली, मग दोन-दोन अक्षरं घेऊन पुन्हा सुरुवात केली आणि गाडी आर-आरपर्यंत गेली. मरी 1915 मध्ये गेला, ब्रॅडली 1923 मध्ये. कोश पुरा झाला 1928 च्या एप्रिलमध्ये. चार खंडांचे दहा खंड झाले होते आणि दहा वर्षांची एकोणपन्नास.

आता खरा प्रश्न. ब्रॅडलीने 154 विभाग शोधले, की पाडले?

चार साधी वाक्यं घेऊ. 'सेट द टेबल', 'सेट द क्लॉक', 'सेट अ ट्रॅप', 'सेट अ बोन'. मराठीत आपण पानं घेतो, घड्याळ लावतो, सापळा रचतो आणि हाड बसवतो. क्रियापदं चार, म्हणून आपल्याला वाटतं की सेटचे अर्थ चार. पण इंग्रज माणसाला इथे चार अर्थ जाणवतात का? आता उलटून बघा. आपण घड्याळ लावतो, दिवा लावतो, झाड लावतो, दार लावतो, मलम लावतो, विरजण लावतो, पोरांना शिस्त लावतो आणि कवितेला चाल लावतो. परक्या माणसाला हे सगळं इंग्रजीत सांगायचं तर दर वेळी वेगळं क्रियापद शोधावं लागेल. तो वहीत लिहील: 'लावणे', अर्थ आठ. आपल्या आजीला विचारा, लावणे या शब्दाचे अर्थ किती? ती म्हणेल, "लावणं म्हणजे लावणं. त्यात अर्थ कसले?" आजी अडाणी नाही. मोजणारा बाहेर उभा आहे, ती आत आहे, एवढाच फरक.

सॅम्युअल जॉन्सनला हे 1755 मध्येच कळलं होतं. त्याच्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने अशा क्रियापदांची यादीच दिली आहे: गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक. अवघड शब्द त्याला फार छळत नाहीत. हीच छोटी, कुठेही शिरणारी क्रियापदं त्याला धरता येत नाहीत. आपल्या शाळांत मात्र उलटा समज आहे की लांबलचक शब्द म्हणजे कठीण शब्द. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण, एकदा पाठ केलं की जन्माचं काम झालं. 'सेट' पाठ करून दाखवा.

मोजदाद किती सैल असते याचा पुरावा म्हणजे 'सेट'चं गेलेलं सिंहासन. ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम 'एम' अक्षरापासून सुरू झालं. 2000 साली 'मेक'ची नवी नोंद सेटच्या पुढे गेली, 2007 मध्ये 'पुट', आणि 2011 मध्ये 'रन'. पीटर गिलिव्हर या संपादकाने 'रन'वर नऊ महिने घालवले आणि एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवले. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली: सेट हरला. पण सेटची मोजणी जुन्या फूटपट्टीने केलेली, रनची नव्या. शर्यत कसली? तरी एक गोष्ट खरी, की यंत्रयुगाने 'रन'ला भलतंच काम दिलं. आधी घोडे आणि ओढे धावत होते, मग गिरण्या, आगगाड्या, इंजिनं धावू लागली, आता संगणकातले प्रोग्राम धावतात. इंग्रजाचं यंत्र धावतं, आपलं चालतं. गिरणी चालते, पंखा चालतो, दुकान चालतं, आणि एखादी गोष्ट मनासारखी नसली तरी "चालेल". आपला वेग त्यावरून कोणी ठरवू नये.

जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 मध्ये दाखवलं की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थही जास्त. आकड्यांत मांडलेली ही गोष्ट कुठल्याही बाजारपेठेत दिसते. मात्र एवढ्याने सेटचं कोडं उलगडत नाही. वापर वाढला म्हणून अर्थ पसरले, पण ते याच दिशांना का पसरले?

इथे मराठी माणसाला एक आयती किल्ली सापडते, आणि ती वर्गात फारशी वापरली जात नाही.

सेट हे क्रियापद मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. इंग्रजीत अशा जोड्या आज मोडक्या अवस्थेत उरल्या आहेत. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणे. 'राइज' आणि 'रेझ', उठणे आणि उठवणे. 'लाय' आणि 'ले', निजणे आणि निजवणे. मधला स्वर बदलला की क्रिया करणारा करवणारा होतो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे म्हणणाऱ्यांना यात शिकवायचं काय? सिट-सेटचं मूळ आणि संस्कृत 'सद्' धातूचं मूळ एकच. संसद, परिषद, सभासद हे सगळे त्या धातूचे गोतावळेकरी. म्हणजे आपली संसद आणि विंबल्डनवर बसणाऱ्यांची 'सीट' दूरची भावंडं आहेत.

गंमत अशी, की मराठी 'बसणे' या कुळातलं नाही. ते संस्कृत 'उपविश्'वरून, जुन्या 'बैसणे'मार्गे आलं. रक्ताचं नातं नसताना दोन्ही भाषांनी बसण्यावरून बसवणं केलं आणि पुढे दोघीही बऱ्याचशा त्याच वाटांनी गेल्या. डॉक्टर हाड बसवतो, 'सेट्स द बोन'. सोनार अंगठीत खडा बसवतो, 'सेट्स द स्टोन'. संगीतकार कवितेला चाल बसवतो, 'सेट्स इट टु म्युझिक'. बागवान वाफ्यात रोपं बसवतो, तिथेही सेट. सरकार कर बसवतं, मर्यादा घालतं. इंग्रजी 'सेट्स अ लिमिट'. गाळ तळाशी बसतो, 'सेटल्स'. एखादी गोष्ट तिच्या जागी अशी टेकवायची की ती हलणार नाही, हा दोन्हीकडचा गाभा. तो एकदा हाती आला की ब्रॅडलीच्या 154 विभागांतले कितीतरी विभाग आपोआप एका रांगेत उभे राहतात.

पण मी हे फार ताणणार नाही, कारण वाटा फुटतातही, आणि त्या फुटतात तिथेच भाषेचा स्वभाव कळतो. आपण नाटक बसवतो. तालमी घेऊन, हालचाली आखून, पात्रांच्या अंगात मुरवून 'बसवणं' हा मराठी रंगभूमीचा खास प्रयोग; इंग्रजीत नाटक कोणी सेट करत नाही. इंग्रजांचा सेट नाटकात आला तो नेपथ्य होऊन, आणि तो आपण तसाच घेतला. त्यामुळे आपल्याकडे नाटक बसतं आणि सेट लागतो. भाद्रपदात आपण गणपती बसवतो. तिथे मूर्ती मखरात ठेवणं, प्राणप्रतिष्ठा, आणि पुढचे दिवस पाहुण्याची बडदास्त, एवढं सगळं त्या एका क्रियापदात आहे. उलट आपलं बसणं वाईट वाटेलाही लागतं: धंदा बसतो, आवाज बसतो, धक्का बसतो, दंड बसतो. 'करून बसला' यातला बसला तर केवळ पश्चात्तापाचा. सेटकडे यातलं काही नाही.

सेटकडे मात्र सूर्य आहे. सूर्य का 'सेट' होतो? त्याला कोण बसवतं? जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेटलगँग' म्हणत, आसनाकडे जाणं. दिवसभर फिरून सूर्य आपल्या बैठकीवर जातो, ही ती कल्पना. आपल्या कवींनी त्यासाठी अस्ताचल नावाचा डोंगर रचला. इंग्रजांनी सूर्याला खुर्ची दिली, आपण डोंगर दिला.

आणि सेटकडे सिमेंट आहे. पातळ पदार्थाने घट्ट होणं, हा सेटचा एक भला मोठा अर्थ. भारतीय मानकांत साध्या पोर्टलँड सिमेंटचा 'इनिशिअल सेटिंग टाइम' 30 मिनिटांपेक्षा कमी नसावा आणि 'फायनल' 600 मिनिटांपेक्षा जास्त नसावा, असं लिहिलेलं आहे. बांधकामावरचा गवंडी इंग्रजी शिकलेला नसला तरी "माल सेट होऊ द्या" हे तो म्हणतोच. मराठीकडे या एका सेटसाठी केवढी शब्दसंपत्ती होती! दही लागतं, साय धरते, खीर आळते, तूप थिजतं, पाक गोळीबंद होतो. प्रत्येक पदार्थाचं घट्ट होणं वेगळं, कारण स्वयंपाकघरात ते खरोखरच वेगळं असतं. आता पाककृतींत सगळंच 'सेट व्हायला ठेवा'. सोय आहे हे कबूल. पण दही आणि बर्फी एका रांगेत बसवणारा शब्द स्वयंपाकाचा नव्हे, फ्रिजचा आहे.

इथपर्यंत मी एका सेटबद्दल बोलत होतो. प्रत्यक्षात सेट दोन आहेत, आणि याबद्दल बोलणं फार कमी होतं. कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, यातलं नाम हे बसवण्यातून आलेलं नाही. ते लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आलं. सेक्टा म्हणजे कोणाच्या तरी मागे जाणाऱ्यांचा गट; पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच सख्खा भाऊ. एका दिशेने जर्मन कुळातला बसवणारा सेट आला, दुसरीकडून लॅटिन कुळातला मागोमाग जाणारा सेट आला, उच्चार सारखा झाला आणि लोकांनी दोघांना एकच धरलं. कपबशा एकत्र मांडलेल्या असतात, म्हणून तो सेट, असंच आजच्या इंग्रजाला वाटतं. चूक आहे, पण ही चूक एवढी जुनी झाली की तिचाच अर्थ झाला.

गणितात हाच दुसरा सेट गेला. गेओर्ग कांटोरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपला सिद्धान्त मांडला तेव्हा त्याचा जर्मन शब्द होता 'मेंग', म्हणजे समुदाय. फ्रेंचांनी 'आंसांब्ल' केलं, इंग्रजांनी 'सेट', मराठीने 'संच'. मला संच हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो, कारण त्याला बसवण्याची झळ लागलेली नाही. संचात घटक असतात, ते कुठे बसलेत हा प्रश्नच उद्भवत नाही. हाच संच दूरचित्रवाणीलाही मिळाला. मग 2012 च्या अखेरीस मुंबईत केबल डिजिटल झालं, घरोघरी 'सेट-टॉप बॉक्स' आले. नाव सांगतं की ही पेटी संचाच्या डोक्यावर बसायची. तोपर्यंत टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटू लागला होता. डोकंच उरलं नाही. पेटी खालच्या फळीवर गेली, नाव वरच राहिलं.

आता मघाशी ठेवलेला धागा उचलतो. इतके अर्थ एका शब्दात कोंबले असतील तर ऐकणारा गोंधळत कसा नाही? "सेट द टेबल" म्हटल्यावर टेबलाचं दही कोणी लावत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे, अनेक अर्थांचे शब्द त्यात वेगळे काढलेले. आणि भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अशा शब्दाचा अर्थ कशाने ठरतो त्याची कारणं दिली: सोबत काय आहे, काय नाही, कोणाच्या साहचर्यात आहे, प्रकरण कोणतं, औचित्य काय, देश कोणता, काळ कोणता, वगैरे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त ती पुढे येतात. शास्त्राच्या विद्यार्थ्यांना सैंधवाचं उदाहरण ठाऊक असतं. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशातला घोडा. जेवताना "सैंधव आण" म्हटलं तर मीठ आणायचं, निघताना म्हटलं तर घोडा. पानावर घोडा आणून उभा करणारा नोकर भाषेला भेटलेला नाही. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने 1897 च्या ग्रंथात या अनेकार्थतेला 'पोलिसेमी' हे नाव रूढ करून दिलं. नाव नवं, चर्चा तोवर हजार वर्षांहून जुनी झाली होती. बनारसमध्ये राहिलेल्या हॉलला त्या चिठ्ठ्यांचं ओझं का वाटलं नसेल, ते यावरून कळावं.

भर्तृहरीच्या यादीची संगणकाने केलेली फेरतपासणी म्हणावं असं काम 1980 च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात झालं. जॉन सिंक्लेअर आणि त्याचे सहकारी लाखो शब्दांचा खरा, छापील-बोली मजकूर संगणकात भरून त्यातून कोश करत होते. 1987 मध्ये तो 'कोबिल्ड' कोश निघाला. सिंक्लेअरने 'सेट इन' हा जोडप्रयोग तपासला. कोशांत त्याचा अर्थ साधा: सुरू होऊन ठाण मांडणे. पण काय सुरू होतं, हे त्याने बघितलं. कूज, ऱ्हास, जंतुसंसर्ग, निराशा, अराजक, कडवटपणा, प्रेताचा ताठरपणा. एकही चांगली गोष्ट जवळपास नाही. 'सेट' शब्दात दुःख नाही, 'इन'मध्ये नाही. ते शेजाऱ्यांच्या संगतीने आलं आहे. इंग्रजीत वाढलेल्या माणसालाही हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वापरता मात्र बिनचूक येतं.

हे वाचलं तेव्हा मला आपली वर्तमानपत्रं आठवली. दरवर्षी जूनच्या तोंडाशी आपल्या हवामान खात्याचं इंग्रजी निवेदन येतं, नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळवर 'सेट इन' झाला आहे. केरळची सरासरी तारीख 1 जून, मुंबईची आता 11 जून. ते वाचून आपल्याकडे कोणाचं तोंड उतरत नाही. शेतकरी बियाणं काढतो, शेअरबाजारसुद्धा खुलतो. इंग्लंडात हिवाळा सेट इन होतो, आपल्याकडे पाऊस. देश बदलला, काळ बदलला, शब्दाची चव बदलली. भर्तृहरीच्या यादीत 'देश' हे कारण उगाच नाही.

म्हणून वर्गात 'सेट म्हणजे काय?' हा प्रश्न विचारणंच मला गैर वाटतं. शब्दार्थाच्या वहीत डावीकडे सेट आणि उजवीकडे 'ठेवणे' लिहिणारं मूल पुढच्याच धड्यात 'सनसेट'पाशी अडखळतं, सूर्य ठेवला म्हणजे काय? त्याला अर्थ देण्याऐवजी वाक्यं द्यावीत, भरपूर द्यावीत. बसण्या-बसवण्याची किल्ली द्यावी, ती कुठे लागत नाही तेही सांगावं. आणि परीक्षेत शब्द सुटा विचारू नये. सुटा सेट कोणालाच येत नाही, ब्रॅडलीलाही येत नव्हता. त्याच्यासमोर चिठ्ठ्या होत्या.

अर्थ अगदी उलटा होण्याचीही उदाहरणं आहेत, एकच सांगतो. 'अपसेट' म्हणजे आज उलथणं, बिघडणं, मन खट्टू होणं. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ होता उभं करणं, वर बसवणं. नवा अर्थ आला आणि जुना बोलण्यातून गेला. फक्त लिलावात राहिला. 'अपसेट प्राइस' म्हणजे बोली जिथून उभी करायची ती किंमत. आपल्या सरकारी लिलावांच्या कागदांत हा शब्द अजून भेटतो, मराठीत त्याला 'हातची किंमत' म्हणतात. ती वाचून ठेकेदार अपसेट होतो तो दुसऱ्या अर्थाने.

शेवटी मराठीने स्वतः केलेल्या सेटकडे वळतो. "मुलगा पुण्यात सेट झाला" यातला सेट 'सेटल'चा आखूड केलेला अवतार आहे. आणि 'सेटिंग'! मोबाइलमधली सेटिंग वेगळी. "काळजी करू नका, तिथे आपली सेटिंग आहे," यातली सेटिंग म्हणजे ओळख, वशिला, पडद्यामागचा समझोता, कधी देवाणघेवाण. आणि कॉलेजच्या कट्ट्यावर तीच सेटिंग प्रेमप्रकरणाकडे वळते. हा अर्थ इंग्लंडहून आलेला नाही. तो इथल्या कचेऱ्यांत, बाजार समित्यांत आणि कट्ट्यांवर तयार झाला, हिंदी पट्ट्याच्या सोबतीने. 'वशिला' जुना झाला होता, त्यात मोठ्या माणसाची मर्जी लागायची. सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचं बसलेलं असतं. पुन्हा बघा, बसलेलंच.

दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले. तेव्हा ही सेटिंग नव्हती. ती नोंदवायची असेल तर मरीची पद्धत अजून उत्तम आहे, पत्र्याची शेडही लागत नाही. संयोजकांना सुचवतो की पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाआधी श्रोत्यांकडून चिठ्ठ्या मागवा. वरच्या कोपऱ्यात शब्द, खाली जसंच्या तसं वाक्य, कोणत्या पुस्तकात, वर्तमानपत्रात किंवा भाषणात भेटलं ते, आणि पान. व्हॉट्सॲपवर आलेलं वाक्यही चालेल. फक्त तारीख घालायला विसरू नका; बिनतारखेच्या चिठ्ठीवरून शब्दाची कुंडली मांडता येत नाही.